खुर्ची मागणाऱ्या कलशेट्टी मॅडम

"जरा उठता का? मला बसायचंय."

कलशेट्टी मॅडम पेशंटशी बोलायला अशी सुरुवात करायच्या. नमस्कार नाही, नावगाव नाही. केमोच्या हॉलमध्ये स्टीलच्या खुर्च्यांची रांग असे. त्यात कुणीतरी म्हातारा आपला नंबर यायची वाट बघत बसलेला, मांडीवर रिपोर्टांची पिशवी, उन्हाळ्यातही अंगावर चादर. आणि ही पन्नाशी उलटलेली धडधाकट बाई, कडक इस्त्रीच्या सुती साडीत, त्याच्यापुढे उभी राहून त्याचीच खुर्ची मागायची. शेजारची खुर्ची रिकामी असली तरी.

म्हातारा उठायचाच. कडक साडीतल्या बाईनं खुर्ची मागितल्यावर आपल्याकडे कोण उठत नाही? "बसा की बाई," म्हणत तो पिशवी सावरायचा, गुडघ्यावर हात टेकायचा. अर्धा उठला की मॅडम त्याचा दंड धरून त्याला परत खाली बसवायच्या, स्वतः शेजारी बसायच्या आणि गाव कुठलं, नातवंडं किती, ज्वारी कशी आलीय, असलं सगळं विचारायच्या. ज्या कामासाठी आम्ही आलेलो असायचो तेवढं सोडून. मग उठायच्या आणि मला म्हणायच्या, "चल नागपूर. ह्यांना आज नको विचारायला."

"काहून जी, मॅडम?"

"खुर्चीला नाही म्हणता येईना त्यांना. मला काय म्हणतील?"

मी मागे कोऱ्या कागदांची पिशवी धरून उभा. सकाळी जेवढे कागद घेऊन यायचो, जवळजवळ तेवढेच संध्याकाळी परत न्यायचो. राग गिळत मी त्या पिशवीचे बंद पिळत राहायचो, शेवटी ते तुटले.

काम काय होतं ते आधी सांगतो. सोलापुरातल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात पुण्याच्या लोकांनी एक अभ्यास सुरू केला होता. गाठ किती लहान झाली हे बघायला डॉक्टर आहेतच. ह्या लोकांना बघायचं होतं की उपचार चालू असताना माणूस जगतो कसा. झोप लागते का, घास गिळता येतो का, जिना चढवतो का, घरात कोणी जवळ बसतं का. कागदावर त्याला 'जीवनाची गुणवत्ता' असं नाव होतं. मॅडमना ते अजिबात आवडायचं नाही. "गुणवत्ता काय, टॉवेल आहे का तो?" म्हणायच्या. "जगणं कसं चाललंय, असं विचार. सोलापूरला तेवढं कळतं."

पण त्याच्याही आधी पुण्याच्या लोकांना दुसरंच काही शोधायचं होतं. असल्या अभ्यासाला पेशंट तयार कसे करायचे? कुठल्या पद्धतीनं जास्त लोक येतात? म्हणून तीन पद्धती ठरवल्या होत्या. एक आठवडा डॉक्टरांनी तपासता तपासता पेशंटला सांगायचं. एक आठवडा आम्ही पेशंटच्या घरी फोन करायचा. आणि एक आठवडा मॅडमनी हॉलमध्ये शेजारी बसून विचारायचं. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पुण्यात बसून तिन्हींची तुलना होणार होती. पण त्यासाठी प्रत्येक गावच्या केंद्रानं ठरलेला आकडा गाठायचा होता. नाही गाठला तर ते केंद्र बंद.

केंद्र म्हणजे जिन्याखालची एक खोली, कलशेट्टी मॅडम आणि मी.

मी मूळचा गोंदियाकडचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. ठेकेदारानं रखवालदार म्हणून सोलापूरला आणून ह्या हॉस्पिटलच्या गेटवर उभं केलं तेव्हा हे शहर नकाशात कुठे आहे तेही मला ठाऊक नव्हतं. माझं बोलणं ऐकून लोक हसायचे. मी 'हाव जी' म्हटलं की रिक्षावाले एकमेकांना कोपर मारायचे. मॅडम रोज गेटमधून जायच्या. एके दिवशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तू कुणावर ओरडत नाहीस. का रे?"

"ओरडून काय होते जी? ते आधीच भेलेले असतात."

"कुठला तू?"

"आमगावकडचा."

"म्हणजे नागपूरच की."

नागपूर आमच्यापासून किती लांब, हे मी सांगायला लागलो तर त्या हात हलवून म्हणाल्या, "ते तिकडं सगळं नागपूरच." तेव्हापासून माझं तेच नाव पडलं. पुढच्या महिन्यात त्यांनी कुणाकुणाशी भांडून मला आपल्या हाताखाली घेतलं. आठवी नापास माणूस अभ्यासाच्या कामाला कसा, असं विचारणाऱ्याला म्हणाल्या, "नापास आहे ना? मग अवघड शब्द वापरणार नाही. मला तसलाच पाहिजे."

पहिल्या दिवशी मी गेटवरचा तोच निळा गणवेश घालून हजर झालो. मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "अय्यो, ह्या कपड्यात तू काही विचारलास तर लोक आधार कार्ड काढून दाखवतील!" मला तडक नवी पेठेत घेऊन गेल्या आणि दोन साधे शर्ट घेतले, एक फिका हिरवा, एक चौकटीचा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पांढरा घ्या की, रुबाब येतो." मॅडम म्हणाल्या, "रुबाबच नको आहे मला." दिवाळी सोडून माझ्यासाठी कुणी कपडा घेतलेला मला आठवत नाही. उपकार म्हणतात तो हाच. मी तो विसरलेलो नाही. आणि हेही खरं, की ज्या माणसाचे उपकार असतात त्याच्यावर रागवायला फार जड जातं. माझं पुढचं सगळं वर्ष त्यातच गेलं.

कारण ती नोकरी लागल्यावर मी गावाकडून बायकोला आणि पोरीला घेऊन आलो होतो. पल्लवी तेव्हा नववी संपवून दहावीत गेली होती. तिला इथल्या शाळेत घालायला तीन वेळा दाखल्यासाठी गावी जावं लागलं. केंद्र बंद झालं तर मी परत ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार पाठवेल तिकडे. लातूर म्हणेल, वापी म्हणेल. दहावीच्या मधोमध पोरीला कुठे फरफटत नेणार? मला दहावी बघायला मिळाली नव्हती. तिची दहावी सोलापुरात होते की नाही, हे त्या कोऱ्या कागदांवर अवलंबून होतं. आणि मॅडम खुर्च्या मागत फिरत होत्या.

डॉक्टरांच्या आठवड्यात मला बरं वाटायचं. आमचे डॉक्टर तरुण होते, हुशार होते, आणि त्यांच्या दारात सकाळपासून रांग. ते तपासता तपासता म्हणायचे, "एक छोटा अभ्यास आहे, सही करून टाका." पेशंट म्हणायचा, "कुठं करू साहेब?" झालं. दुपारपर्यंत माझी पिशवी रिकामी. मी मनात त्या डॉक्टरांना हात जोडायचो.

पण संमती पक्की करून घ्यायचं काम मॅडमकडे होतं. त्या केबिनबाहेर बाकावर बसून असायच्या. पेशंट बाहेर आला की विचारायच्या, "काका, आत कशावर सही केलात?"

"योजनेच्या कागदावर की."

"कुठल्या योजनेच्या?"

"आता ते साहेबांनाच ठावं. नाव लागलं न्हवं?"

दुसरा म्हणायचा, ऑपरेशनची तारीख मिळाली. एक बाई म्हणाली, सही केली नसती तर पुढच्या बारीला औषध देतील की न्हाय कुणास ठाऊक. मॅडम प्रत्येकाला शेजारी बसवून सांगायच्या, "हे बघा, ह्यानं आजार कमी होणार नाही. गोळी नाही, पैसे नाहीत, योजना नाही. आम्ही फक्त विचारणार, जगणं कसं चाललंय. नाही म्हणालात तर तुमचं औषध आहे तसंच चालू राहील, डॉक्टर रागावणार नाहीत. आता सांगा." बहुतेक जण म्हणायचे, "डॉक्टरसाहेब म्हणाले ना? मग झालं." मग मॅडम पेन काढायच्या आणि नावावर रेघ मारायच्या.

एकदा डॉक्टर केबिनमधून बाहेर आले आणि वैतागून म्हणाले, "मॅडम, मी काय चाकू लावून सही घेतो का?"

"चाकू तुमच्याच हातात असतो की, डॉक्टर. म्हणून तर."

 डॉक्टर हसले. पण त्यानंतर ते आमच्या बाकाकडे न बघता जायला लागले. मला वाटलं, संपलं आता. एवढा मोठा माणूस नाराज झाला, ह्याचं काय होणार?

फोनच्या आठवड्याची तर वेगळीच गंमत. गंमत आज म्हणतो, तेव्हा रडायला यायचं. फोनवर काय बोलायचं ते पुण्याहून छापून आलं होतं. पहिलंच वाक्य हॉस्पिटलच्या नावाचं, आणि नावातच कॅन्सर. ते गाळायचं नाही, असा नियम. लपवाछपवी नको म्हणून. नियम करणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं की आपल्याकडे पेशंटच्या नावापुढे लिहिलेला नंबर पेशंटचा कधीच नसतो. तो मुलाचा असतो, जावयाचा असतो, समोरच्या किराणा दुकानदाराचा असतो.

कुंभारीत विडी कामगारांच्या वसाहतीत नरसम्मा म्हणून एक बाई होती. तिच्या नंबरवर मी छापल्याप्रमाणे बोललो. फोन नातवाच्या हातात होता, आणि आवाज मोठा केलेला. त्यानं दारातूनच हाक मारली, "आज्जे, कॅन्सर हॉस्पिटलातनं फोन हाय!" त्या गल्लीत दारोदार बायका सुपात पानं घेऊन विड्या वळत बसलेल्या. घरच्यांनी म्हातारीला सांगितलं होतं की साधी गाठ आहे. गल्लीला तर काहीच सांगितलं नव्हतं. तासाभरात मुलाचा फोन आला. तो काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचं चुकलं असंही मला वाटत नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. "चल, कुंभारीला जायचंय," म्हणाल्या.

नरसम्मा खाटेवर बसली होती. सूप भिंतीला टांगून ठेवलेलं. मुलगा दारातच आडवा उभा राहिला, पण म्हातारीनं त्याला बाजूला व्हायला लावलं. मॅडम खाली जमिनीवर बसल्या. "आमचं चुकलं," म्हणाल्या. "ह्या पोराचं नाही, आमचं."

"काय चुकलं? मला काय ठावं न्हवतं व्हय?" नरसम्मा म्हणाली. "त्या हॉलमदी समद्यांचे केस गेल्यालं, माझं बी गेलं. मी काय आंधळी हाय?"

"मग घरात बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? ह्यांना वाटत हुतं मला ठावं न्हाय. म्हणून माझ्यासमोर हसायची, भांडायची, टीव्ही लावायची. आता बघा." तिनं आत बोट दाखवलं. आत सगळं चिडीचूप. "सून पाण्याचा तांब्या देती आन् डोळं पुसती. इडी वळू देत न्हाईत. म्हणं, आराम कर. हात मोकळं ठेवून बसू का दिसभर?"

 मग तिनंच विचारलं, "पर तुमी फोन कशाला केलता?"

मॅडमनी अभ्यासाचं सांगितलं. अगदी नेहमीसारखं, गोळी नाही, योजना नाही. नरसम्मानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "न्हाय. तुमच्या विचारण्यानं आदीच लई झालं. चहा घ्या आन् जावा."

परतताना रिक्षात मॅडमचा चेहरा उजळलेला. "काय ठणठणीत 'नाही' म्हणाली बघितलास? असं पाहिजे."

मला राहवलं नाही. म्हणालो, "मॅडम, 'नाही' मोजायचा पगार नाही देत जी आपल्याला कोणी."

त्या रिक्षाच्या उघड्या बाजूनं बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "तेच तर चुकतंय ना त्यांचं."

त्यांनी पुण्याला कळवलं की आधी हॉलमध्ये पेशंटलाच विचारू दे, फोन कुणाचा, कधी करू, काय बोलू, आणि मगच फोन करू. उत्तर आलं, मधेच पद्धत बदलता येणार नाही, तुलना बिघडेल. त्यानंतर फोनच्या आठवड्यात मॅडम मला हात लावू द्यायच्या नाहीत. स्वतः फोन लावायच्या. पेशंटखेरीज दुसऱ्या कुणी उचलला की "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायच्या. दुसराच कोणीतरी उचलायचा. नेहमीच. सगळा आठवडा जिन्याखालून 'राँग नंबर, राँग नंबर' एवढंच ऐकू यायचं. मी बाहेर येऊन उन्हात उभा राहायचो.

एवढं सगळं सांगितल्यावर तुम्हाला वाटेल की बाई आडमुठी होती. होतीच. पण हॉलमध्ये त्यांनी आपला डबा कधी उघडला नाही. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असायची, आणि समोर तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट नळीतून दूध घेत बसलेले. त्या जिन्याखाली येऊन, दार लोटून जेवायच्या, आणि मलाही तिथंच बसवायच्या. कन्नड बोलणारी अक्कलकोटकडची बाई आली की दोघी अशा बोलत बसायच्या की पेशंट आपला नंबर विसरायचा. लोक त्यांना शोधत यायचे. पण अभ्यासाला हो म्हणायला नाही, नुसते बोलायला. त्याचा आकडा कुठे मांडणार?

टेंभुर्णीच्या चौकात ट्रकच्या टायरचं दुकान असलेले रशीदभाई एकदा हॉलमध्ये बसले होते. गालाचं ऑपरेशन झालेलं, बोलणं अडखळत. मॅडम जाऊन उभ्या राहिल्या. "जरा उठता का? मला बसायचंय."

रशीदभाईंनी वर बघितलं. मग शेजारी बघितलं. "ती खुर्ची खाली हाय की, बाई. तितं बसा. मी कशाला उठू?"

मॅडमना एवढा आनंद झाला की मला वाटलं त्यांच्या पायाच पडतात. तिथं बसल्या आणि सगळं समजावलं. रशीदभाईंनी प्रश्नांची सरबत्ती केली. माझं उत्तर कोण वाचणार? नाव लिहिणार का? मधेच कंटाळलो तर? पुण्याच्या डॉक्टरला टेंभुर्णीच्या माणसाच्या झोपेशी काय देणंघेणं? आणि शेवटी म्हणाले, "घरी इचारतो. पुढल्या बारीला सांगतो." पुढच्या वेळी आले आणि हो म्हणाले. पहिलाच प्रश्न होता, आजारामुळे घरच्यांबरोबरच्या जेवणात किती अडथळा आला, थोडा, बराच की फार. रशीदभाई म्हणाले, "ह्यात माझं उत्तर न्हाई. मी एकटाच जेवतो आता, आन् मला तेच बरं वाटतं. तोंडातनं सांडतं. पोरं बघत्यात ते नको वाटतं. मग अडथळा म्हणू का आराम?" मॅडमनी तिन्ही चौकोन कोरे ठेवले आणि समासात त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं. पुण्याहून तो कागद परत आला. समासात लिहू नये, असा शेरा.

अखेर पुण्याच्या मोठ्या मॅडम स्वतः आल्या. वाईट बाई नव्हत्या. जिन्याखालच्या खोलीत आमच्याच स्टुलावर बसल्या, पंखा नाही म्हणून रुमालानं वारा घेतला आणि सरळ म्हणाल्या, "ताई, मलाही वर उत्तर द्यावं लागतं. तुम्ही रेघ मारलेली नावं परत घ्या. सही तर आहेच. तेवढ्यानं सोलापूरचा आकडा पुरा होतो, केंद्र वाचतं."

"त्यांना कळलेलं नाही हो, कशाला हो म्हणाले ते."

"सगळीकडे थोडंफार असंच असतं."

"मग सगळीकडचं चूक आहे." मॅडमनी पेन त्यांच्यापुढे ठेवलं. "तुम्ही लिहून द्या की ह्यांना कळलंय. मी सगळी नावं परत घेते."

पुण्याच्या मॅडमनी पेनाकडे बघितलं. उचललं नाही. पाणी प्यायल्या आणि गाडीत बसून गेल्या.

त्या संध्याकाळी गेटसमोरच्या टपरीवर मी मॅडमना गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी आवाज चढवून बोललो. "मॅडम, ते लोक काही मरत नाहीत जी दोन प्रश्न विचारल्यानं. नुसते प्रश्नच तर आहेत. माझ्या पल्लवीची दहावी आहे. सहामाही होऊन गेली. आता मी तिला कुठं घेऊन जाऊ?"

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज तसाच. "तुझ्या पोरीचं मला कळतंय रे. तुला दुसरी नोकरी मी शोधीन, सोलापूर पालथं घालीन. पण ह्या लोकांचा नकार मी दुसरीकडनं कुठनं आणून देऊ?"

मी चहा तसाच टाकून घरी गेलो.

केंद्र बंद झालं. मॅडमनी खरंच सोलापूर पालथं घातलं. दोन शाळा, एक टॉवेलचा कारखाना, ओळखीतलं एक मंगल कार्यालय. प्रत्येक ठिकाणी मला घेऊन गेल्या, प्रत्येक ठिकाणी कुणाचा तरी भाचा आधीच लागलेला. उन्हात रिक्षाची वाट बघताना पदरानं तोंड पुसत म्हणायच्या, "थांब, अजून एक जागा आहे." ती जागाही नसायची. पुण्यात तुलना पूर्ण झाली. डॉक्टरांनी विचारल्यावर सगळ्यात जास्त पेशंट येतात, असं निघालं. ते निघायला एवढा अभ्यास कशाला हवा होता? गेटवरचा रखवालदारही सांगू शकला असता. सोलापूरपुढे लिहिलं होतं, 'अपुरी नोंदणी'. नरसम्मा, रशीदभाई, मॅडमचा सगळा आटापिटा, सगळं त्या दोन शब्दांत बसवलं.

आणि मग मला पुण्याहून फोन आला. त्याच हॉस्पिटलात नवा अभ्यास सुरू होतोय, ह्यावेळी फक्त डॉक्टरांमार्फत. केबिनबाहेर उभं राहून सह्या गोळा करायला माणूस हवाय. "तुम्हाला काम माहीत आहे. येता का?"

मी धावत मॅडमच्या घरी गेलो. त्या लेकीकडे गुलबर्ग्याला जायला निघाल्या होत्या. नवरा पूर्वीच गेलेला, आता इथं काम नाही, म्हणून. घरभर खोकी. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि विचारलं, "घेऊ का जी?"

त्या भांडी कागदात गुंडाळत होत्या. 

"सांगा ना जी. तुम्ही नको म्हणाल तर नाही घेत. देवाशपथ."

"तेच की." त्यांनी पातेलं खोक्यात ठेवलं. "मी नको म्हणाले तर तू घेणार नाहीस. घे म्हणाले तर घेशील. मला तू नाही म्हणूच शकत नाहीस, नागपूर. ते शर्ट घेतले ना तुला, तेव्हापासून. मग मी कसं सांगू?"

"म्हणजे सांगणारच नाही?"

"नाही."

मी भांडलो. म्हणालो, तुमच्यापायी नोकरी गेली, आता एवढं तरी सांगा. त्या ऐकत राहिल्या. दोरी मागितली, मी दिली. खोकं बांधून झाल्यावर म्हणाल्या, "बायकोला विचार. पोरीला विचार. मला नको." सामान टेम्पोत चढवायला मीच होतो. टेम्पो निघाला तरी त्यांनी सांगितलं नाही.

मी ती नोकरी घेतली. मॅडमना फोन करून कळवलं. "बरं," म्हणाल्या. मी थांबलो. वाटलं, आता बोलतील, आता शिव्या तरी देतील. त्यांनी विचारलं की तिकडं पाणी येतंय का नीट. अधूनमधून फोन व्हायचे, आणि प्रत्येक वेळी मी तो विषय काढायला जायचो, आणि प्रत्येक वेळी त्या सोलापूरचं ऊन, पल्लवीचा अभ्यास, बायकोचं गुडघेदुखीचं औषध, ह्यांवर जायच्या. एवढा राग मला कुणाचाच आला नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. झोपेतच गेल्या म्हणाली, हृदय बंद पडून. मी दुसऱ्या दिवशी गाडी पकडून गुलबर्ग्याला गेलो. बायका ओट्यावर कन्नडमध्ये बोलत होत्या, त्यात मला फक्त मॅडमचं नाव कळत होतं. लेकीनं मला आत बसवलं. "तुम्ही नागपूर ना?" म्हणाली. "आई बोलायची तुमच्याबद्दल."

 मी विचारलं, "मी ती नोकरी घेतली, त्याबद्दल काही बोलल्या होत्या का जी?"

"बोलली होती ना. म्हणाली, त्याचं त्यानं ठरवलं."

"बरं केलं म्हणाल्या की वाईट?"

"ते मीपण विचारलं होतं तिला." लेक म्हणाली. "तर म्हणाली, ते त्यालाच विचार."

आणि ती माझ्याकडे बघत थांबली. तिचे डोळे हुबेहूब मॅडमसारखे होते. ओट्यावरच्या बायकांचं बोलणं थांबलं होतं, की मलाच तसं वाटलं, ठाऊक नाही.  

"पोरगी दहावी पास झाली जी," मी म्हणालो. "सोलापुरातूनच."